डोळ्यांसाठी जीवनसत्त्वे: कोणाला, किती आणि कशासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या त्रिमूर्तीनगर भागातील एका गृहिणींनी विचारले आहे की, त्यांच्या १० वर्षांच्या मुलीच्या चष्म्याचा नंबर वर्षभरात उणे १ वरून उणे १.७५ वर गेला, ६८ वर्षांच्या सासूबाईंच्या डोळ्यांच्या पडद्यावर वयोमानाने पिवळसर ठिपके आल्याचे तपासणीत आढळले, आणि मिहानमधील कंपनीत दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या यजमानांचे डोळे सतत चुरचुरतात. घर शाकाहारी आहे. नातेवाइकांच्या सांगण्यावरून सर्वांना रोज सकाळी उपाशीपोटी गाजराचा रस देणे सुरू आहे. शिवाय औषधाच्या दुकानातून डोळ्यांसाठी म्हणून ल्युटीन (पालेभाज्यांतील एक रंगद्रव्य) असलेल्या कॅप्सूलची बाटली आणली आहे. ती तिघांनाही चालेल काय, आणि आहारात नेमके काय वाढवावे, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

एकच बाटली तिघांना देऊ नये, हे आधी सांगतो. सासूबाईंना अशा कॅप्सूलचा उपयोग होऊ शकतो, परंतु तो त्यांच्या आजाराच्या टप्प्यावर अवलंबून आहे. मुलीला तिचा काहीही उपयोग नाही. यजमानांच्या शरीरातील ज्या जीवनसत्त्वाची तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी, ते या बाटलीत बहुधा नसेलच. शरीरात एखाद्या घटकाची कमतरता असेल, तर ती भरून काढल्याने डोळ्यांना फार मोठा, कधी कधी दृष्टी वाचवणारा फायदा होतो. मात्र कमतरता नसताना तोच घटक जास्तीचा दिल्याने नजर अधिक तीक्ष्ण होत नाही. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे लोक अनावश्यक गोष्टींवर पैसे खर्च करतात आणि आवश्यक तपासणी लांबणीवर टाकतात, असे मला माझ्या दवाखान्यात वारंवार दिसते. पैशांपेक्षा लांबलेल्या तपासणीची मला अधिक काळजी वाटते.

गाजराविषयीचा लोकांचा विश्वास जीवनसत्त्व ‘अ’वर उभा आहे आणि तो मुळात खोटा नाही. आपल्या दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या आतील पडद्यात, अंधुक उजेडात पाहण्याचे काम दंडपेशी करतात. त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते, आणि ते ऑप्सिन हे प्रथिन व जीवनसत्त्व ‘अ’पासून मिळणारे रेटिनाल यांच्या संयोगातून तयार होते. प्रकाश पडला की रेटिनालच्या रेणूचा आकार बदलतो, त्यातून संदेश निर्माण होऊन मेंदूकडे जातो, आणि पुढच्या क्षणाला पाहता यावे म्हणून ते रेटिनाल पुन्हा मूळ रूपात आणले जाते. या फेऱ्यात होणारी तूट रक्तातून येणारे जीवनसत्त्व ‘अ’ भरून काढते. ही रासायनिक साखळी उलगडणाऱ्या संशोधनासाठी जॉर्ज वाल्ड यांना १९६७ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पुरवठाच तुटला, तर पहिला फटका संध्याकाळच्या नजरेला बसतो. मूल दिवसा व्यवस्थित खेळते, पण दिवेलागणीला उंबऱ्याला अडखळते, ताटातला घास चाचपडते. पुढे डोळ्याचा पांढरा भाग निस्तेज आणि कोरडा होतो, त्यावर कानाकडील बाजूस फेसासारखे राखाडी-पांढरे ठिपके येतात, आणि तरीही दुर्लक्ष झाले तर बुबुळ कोरडे पडून विरघळू लागते. या शेवटच्या अवस्थेत मुलाची दृष्टी तर जातेच, पण अशा मुलाच्या जिवालाही धोका असतो.

आपल्या देशात एकेकाळी याच कारणाने असंख्य मुलांची दृष्टी गेली. म्हणूनच १९७० साली सरकारने बालकांना जीवनसत्त्व ‘अ’चा डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आजही नवव्या महिन्यात गोवराच्या लसीसोबत १ लाख युनिट आणि त्यानंतर दीड वर्षापासून पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख युनिट, असे एकूण नऊ डोस अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात मोफत दिले जातात. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी हे डोस चुकवू नयेत, विशेषतः मुलाला गोवर झाला असेल किंवा वारंवार जुलाब होत असतील तर मुळीच चुकवू नयेत, कारण या आजारांत शरीरातील साठा वेगाने संपतो. मोठ्या माणसांत ही कमतरता आता प्रामुख्याने यकृताचा जुना आजार, आतड्यांतून चरबी न शोषली जाणे किंवा वजन कमी करण्यासाठी केलेली पोटाची शस्त्रक्रिया अशा कारणांनी आढळते.

येथेच एक सूचना करतो, कारण ती राहून जाऊ नये असे मला वाटते. चांगले खाणाऱ्या-पिणाऱ्या घरातील मुलाला किंवा तरुणाला अंधारात दिसत नसेल, तर ती जीवनसत्त्वाची कमतरता आहे असे गृहीत धरून महिनोन्‌महिने गाजर आणि कॅप्सूल देत बसू नये. दृष्टिपटलाचा एक आनुवंशिक आजार नेमका असाच सुरू होतो आणि जवळच्या नात्यात लग्न झालेल्या कुटुंबांत तो अधिक आढळतो. त्याचे निदान बाहुली मोठी करून पडदा पाहिल्यावर आणि गरज पडल्यास पडद्याचा विद्युत आलेख काढल्यावर होते. ही सोय नेत्रतज्ज्ञांकडे उपलब्ध होऊ शकते आणि त्यासाठी वाट पाहण्यात अर्थ नाही.

आता आहाराकडे वळू. वनस्पतींमध्ये जीवनसत्त्व ‘अ’ तयार स्वरूपात नसते. त्यांत बीटा-कॅरोटिन असते आणि शरीर त्यापासून आवश्यक तेवढेच जीवनसत्त्व बनवते. सर्वसाधारणपणे १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटिनपासून १ मायक्रोग्रॅम रेटिनॉल, म्हणजे तयार जीवनसत्त्व ‘अ’, मिळते असा हिशेब धरला जातो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाची दैनंदिन गरज सुमारे १००० मायक्रोग्रॅम आणि स्त्रीची ८४० मायक्रोग्रॅम आहे. या आकड्यांवरून शाकाहारी माणसाला पुरेसे जीवनसत्त्व ‘अ’ मिळणे अवघड वाटेल, परंतु पालेभाजी, पिवळी-केशरी फळे-भाज्या आणि दूध-तूप यांचा रोजच्या जेवणात मेळ असेल तर ते सहज साधते.

मात्र हे घटक स्निग्ध पदार्थांत विरघळणारे आहेत. सोबत थोडे तेल किंवा तूप नसेल तर त्यांचा मोठा भाग न शोषताच बाहेर पडतो. शिवाय कच्च्या भाजीत ते पेशींच्या आवरणांत अडकलेले असतात. शिजवल्याने ती आवरणे मऊ होऊन ते मोकळे होतात. त्यामुळे सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या, गाळून चोथा काढून टाकलेल्या गाजराच्या रसापेक्षा चमचाभर तेलात परतलेली गाजराची भाजी अधिक उपयोगी आहे. हिवाळ्यात आपल्या बाजारात येणाऱ्या लाल गाजराचा रंग बऱ्याच अंशी लायकोपिनचा असतो, जे चांगले असले तरी त्यापासून जीवनसत्त्व ‘अ’ बनत नाही. बीटा-कॅरोटिन केशरी गाजरात अधिक असते.

खरे सांगायचे तर गाजराला आपण दिलेला मान त्याच्या योग्यतेपेक्षा जास्त आहे. वैदर्भीय स्वयंपाकातील डाळभाजीचे उदाहरण घ्यावे. तुरीच्या डाळीबरोबर पालक आणि आंबट चुका शिजतो, त्यात भिजवलेले शेंगदाणे पडतात आणि वरून तेलात लसूण-मिरचीची फोडणी बसते. या एका पदार्थात बीटा-कॅरोटिन आहे, ल्युटीन आहे, शेंगदाण्यांतून जीवनसत्त्व ‘ई’ मिळते, डाळीतून प्रथिने आणि थोडे झिंक मिळते, आणि हे सारे शोषले जाण्यासाठी लागणारे तेलही त्यातच आहे. लग्नाच्या पंगतीत आपण ती आवडीने खातो आणि एरवी घरी आठवड्यातून एकदाही करत नाही. शेवग्याचा पाला, लाल माठ, मेथी, चवळीची भाजी, पावसाळ्याच्या सुरुवातीला येणारा तरोटा, आपल्याकडे ज्याला कोहळे म्हणतात तो लाल भोपळा, उन्हाळ्यात आंबा आणि एरवी पपई, यांपैकी काही ना काही वर्षभर कॉटन मार्केटला किंवा घराजवळच्या आठवडी बाजारात मिळते आणि एका कॅप्सूलच्या बाटलीच्या किमतीत कुटुंबाची कित्येक दिवसांची पालेभाजी येते. सांबारवडीतही सांबार, म्हणजे कोथिंबीर, भरपूर असला तरी तो तळणीचा पदार्थ असल्याने त्याला रोजच्या आहारात धरत नाही.

भाज्या-फळांतून कॅरोटिन जास्त झाले तर तळहात-तळपाय पिवळसर दिसू लागतात. कावीळ झाली असे वाटून लोक घाबरतात, पण काविळीत डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो आणि येथे तो पांढराच राहतो. गाजर कमी केले की रंग हळूहळू जातो. तयार रेटिनॉलच्या कॅप्सूलबाबत मात्र असे निर्धास्त राहता येत नाही. हे जीवनसत्त्व यकृतात साठते, आणि दीर्घकाळ जास्त मात्रा गेली तर डोकेदुखी, उलट्या, यकृताला इजा, इतकेच नव्हे तर मेंदूभोवतालचा दाब वाढून डोळ्यांच्या नसेला सूज येणे, हे सारे होऊ शकते. गर्भवती स्त्रीने, किंवा जिला गर्भधारणा अपेक्षित आहे तिने, रोज १०,००० युनिटपेक्षा जास्त रेटिनॉल डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नये. त्याने बाळात जन्मजात व्यंग होण्याची शक्यता वाढते.

मुलीच्या नंबराचा आणि जीवनसत्त्वांचा संबंध का नाही, हे समजून घेतले तर पुढचे निर्णय सोपे होतील. जन्माच्या वेळी डोळ्याची समोरून मागे मोजलेली लांबी सुमारे १७ मिलिमीटर असते आणि मोठेपणी ती २३ ते २४ मिलिमीटर होते. ही वाढ प्रमाणाबाहेर झाली की प्रतिमा पडद्याच्या अलीकडे पडते आणि दूरचे अंधुक दिसू लागते, हाच मायनस नंबर. लांबीतील १ मिलिमीटरची जादा वाढ म्हणजे साधारण अडीच नंबर. वाढलेली लांबी कोणत्याही अन्नाने, रसाने किंवा डोळ्यांच्या व्यायामाने कमी होत नाही. चष्मा न लावता राहिल्याने किंवा मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिल्यानेही नंबराची वाढ थांबत नाही, म्हणून मुलीला पूर्ण नंबरचा चष्मा नियमित लावू द्यावा.

नंबर लागण्यापासून मुलांना वाचवणारी, भक्कम पुरावा असलेली गोष्ट ताटात नाही, मैदानावर आहे. चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे अधिक वेळ मोकळ्या हवेत नेण्यात आले. तीन वर्षांनंतर, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अशा मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना मायनस नंबर लागला, तर नेहमीच्या वेळापत्रकातील मुलांमध्ये हे प्रमाण ३९.५ टक्के होते. वर्गखोलीत साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड असतो, आणि बाहेर झाडाच्या सावलीतही तो अनेकदा काही हजार लक्स असतो. अशा उजेडात दृष्टिपटलात डोपामिन अधिक स्रवते आणि ते डोळ्याच्या लांबीच्या वाढीला आवर घालते, असे आजचे आकलन आहे. आपल्या मुलीला नंबर आधीच लागलेला असल्याने तिला याचा फायदा तुलनेने कमी होईल, हे मी लपवत नाही. तरीही रोज दीड-दोन तास बाहेर खेळणे तिच्या इतर सर्व दृष्टींनी हिताचे आहे, आणि घरात धाकटे भावंड असेल तर त्याच्यासाठी ते फारच महत्त्वाचे आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जात असताना दुपारी मुलांना बाहेर पाठवावे असे कोणी म्हणणार नाही, परंतु सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी साडेपाचनंतर मैदाने मोकळी असतात. शाळा आणि शिकवणी यांच्यामध्ये हा वेळ कोठे बसवायचा, हे पालकांनाच ठरवावे लागेल.

वर्षात ०.७५ ने वाढ ही दुर्लक्ष करण्याजोगी नाही. डोळ्यांत थेंब घालून केलेल्या तपासणीने नंबर नेमका ठरवून घ्यावा, शक्य असल्यास डोळ्याची लांबी मोजून घ्यावी आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजावी. वाढ अशीच चालू राहिली तर अत्यंत सौम्य अ‍ॅट्रोपिनचे थेंब किंवा नंबराची वाढ मंदावणाऱ्या विशेष काचा, असे उपाय नेत्रतज्ज्ञ सुचवू शकतात. पुस्तक आणि मोबाइल डोळ्यांपासून निदान कोपर ते मुठीएवढ्या अंतरावर असावा. यात कोठेही कॅप्सूल नाही, आणि मुलीसाठी आणलेली असेल तर ती देणे थांबवावे.

सासूबाईंचा विषय वेगळा आहे आणि पोषणाचा खरा अभ्यास त्यांच्याच आजारात झाला आहे. दृष्टिपटलाच्या मध्यभागी, जेथून आपण अक्षरे वाचतो आणि चेहरे ओळखतो, तेथे मॅक्युला नावाचा छोटा भाग असतो. तो पिवळसर दिसतो, कारण त्यात ल्युटीन आणि झियाझॅन्थिन ही दोन रंगद्रव्ये साठलेली असतात. ती निळ्या प्रकाशाचा काही भाग अडवतात आणि प्रकाशामुळे तयार होणाऱ्या घातक रेणूंना निष्प्रभ करतात. शरीर ती स्वतः बनवू शकत नाही. ती हिरव्या पालेभाज्या, पिवळा मका आणि अंड्याचा बलक यांतूनच येतात. वयाबरोबर मॅक्युलाखाली टाकाऊ द्रव्याचे पिवळसर ठिपके साचू लागतात. ठिपके लहान आणि मोजके असतील तर ती सुरुवातीची अवस्था, मोठे असतील तर मधली, आणि त्यापुढे पेशी नष्ट होणे किंवा खाली नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटणे ही प्रगत अवस्था.

अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेने केलेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. त्यात जीवनसत्त्व ‘क’ ५०० मिलिग्रॅम, जीवनसत्त्व ‘ई’ ४०० युनिट, बीटा-कॅरोटिन १५ मिलिग्रॅम, झिंक ८० मिलिग्रॅम आणि तांबे २ मिलिग्रॅम असे मिश्रण रोज दिले गेले. मधली अवस्था असलेल्या, किंवा एका डोळ्यात प्रगत आजार झालेल्या लोकांपैकी, पाच वर्षांत प्रगत अवस्थेला पोहोचणाऱ्यांचे प्रमाण साधारण १०० मागे २८ वरून २० वर आले. हा फायदा खरा आहे आणि या वयात तो मोलाचा आहे. परंतु सुरुवातीच्या अवस्थेतील लोकांना त्यातून काही मिळाल्याचे दिसले नाही, आणि गेलेली नजर कोणाचीही परत आली नाही. त्याच अभ्यासात मोतीबिंदूवर या मिश्रणाचा परिणाम झाला नाही. २०१३ सालच्या दुसऱ्या अभ्यासात बीटा-कॅरोटिनऐवजी ल्युटीन १० मिलिग्रॅम आणि झियाझॅन्थिन २ मिलिग्रॅम वापरून पाहिले गेले, आणि आता तेच मिश्रण योग्य मानले जाते. माशांच्या तेलातील ओमेगा-३ जोडल्याने अधिक फायदा झाला नाही.

बीटा-कॅरोटिन काढून टाकण्यामागे गंभीर कारण होते. फिनलंडमध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढलेले आढळले, आणि पुढील अभ्यासांतही तेच दिसले. पूर्वी धूम्रपान करून सोडलेल्यांनाही हा धोका लागू आहे. गोळीतील मोठ्या मात्रेचा हा परिणाम आहे, भाजीतील कॅरोटिनचा नाही. त्यामुळे घरात कोणी बिडी-सिगारेट ओढत असेल किंवा पूर्वी ओढत असेल, तर बाटलीच्या मागचा घटकांचा तक्ता वाचल्याशिवाय ती देऊ नये. मॅक्युलाच्या आजारात ज्या कारणांवर आपला ताबा आहे, त्यांत धूम्रपानाचा क्रमांक पहिला आहे.

आणलेल्या बाटलीवरही हाच तक्ता पाहावा. बाजारातील अनेक कॅप्सूलवर ल्युटीनचे नाव मोठ्या अक्षरांत असते, पण अभ्यासात वापरलेल्या मात्रा आत नसतात. झिंक ८० मिलिग्रॅम असेल तर सोबत तांबे असायलाच हवे, कारण जास्तीचे झिंक आतड्यात तांब्याचे शोषण अडवते आणि त्यातून रक्तक्षय होऊ शकतो. सासूबाईंना रक्त पातळ ठेवण्याची गोळी सुरू असेल, तर जीवनसत्त्व ‘ई’ची मोठी मात्रा फिजिशियनला विचारूनच घ्यावी. आपण पुन्हा नेत्रतज्ज्ञांकडे जाल तेव्हा एकच नेमका प्रश्न विचारा: ‘आजार सुरुवातीच्या टप्प्यात आहे की मधल्या?’ सुरुवातीचा असेल तर त्यांच्यासाठी कॅप्सूल आवश्यक नाही, पालेभाजी आवश्यक आहे. शिजवलेल्या १०० ग्रॅम पालकात साधारण १० मिलिग्रॅमपर्यंत ल्युटीन आणि झियाझॅन्थिन मिळते, म्हणजे अभ्यासातील कॅप्सूलच्या जवळपास. दातांमुळे भाजी चावता येत नसेल तर पातळ भाजी, वरणात बारीक चिरून शिजवलेला पाला किंवा तेल-तूप घातलेले पराठे द्यावेत. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा खडे होण्याची प्रवृत्ती असेल तर पालक किती घ्यावा, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे, कारण त्यात ऑक्झलेट भरपूर असते. मेथी किंवा शेवग्याचा पाला हा पर्याय राहतो.

याहून महत्त्वाचे काम घरीच, रोज अर्ध्या मिनिटात होते. सासूबाईंनी नेहमीचा चष्मा लावून एका हाताने एक डोळा झाकावा आणि दुसऱ्या डोळ्याने खिडकीच्या गजांकडे किंवा दाराच्या सरळ चौकटीकडे पाहावे, मग डोळा बदलावा. सरळ गज मध्येच वाकडा, लाटेसारखा दिसला, किंवा मध्यभागी काळसर डाग आला, तर त्याच आठवड्यात, शक्य असेल तर दुसऱ्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. पडद्याखाली रक्तवाहिन्या फुटल्याची ती खूण असू शकते आणि तेव्हा डोळ्यात द्यावयाच्या इंजेक्शनाने बरीच दृष्टी वाचवता येते, पण उशीर झाला तर तेवढा फायदा मिळत नाही. दोन्ही डोळ्यांनी एकत्र पाहत राहिल्यास चांगला डोळा वाईट डोळ्याचा दोष झाकतो, म्हणून एक डोळा झाकणे आवश्यक आहे.

यजमानांविषयी लिहिताना मला थोडी काळजी वाटते. शाकाहार, मेटफॉर्मिन आणि मध्यम वय हे तीनही घटक एकत्र आले की जीवनसत्त्व ‘ब-१२’ कमी असण्याची शक्यता बरीच असते. हे जीवनसत्त्व प्राणिजन्य पदार्थांतच असते. शाकाहारी माणसाला ते फक्त दूध, दही, ताक, पनीर यांतून मिळते, आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने त्याचे शोषण आणखी घटते. कमतरता हातापायांना मुंग्या, थकवा आणि जिभेच्या जळजळीने कळते, पण काही रुग्णांत ती डोळ्यांच्या नसेवर येते. दोन्ही डोळ्यांची मधली नजर, दुखल्याखुपल्याशिवाय, हळूहळू मंदावते आणि लाल रंग फिका, विटकरी दिसू लागतो. चष्म्याचा नंबर बदलूनही अक्षर स्पष्ट होत नाही, तेव्हा हा विचार करावा लागतो. वेळेत उपचार झाले तर नजर सुधारते. उशीर झाला तर नस कायमची सुकते.

पोषण आणि तंबाखू मिळून नसेवर काय करू शकतात, हे क्युबात दिसले. १९९१ ते १९९३ या काळात तेथे अन्नटंचाई असताना ५०,००० हून अधिक लोकांना नसांचा आजार झाला, त्यांत अनेकांची नजर मंदावली. तंबाखू ओढणाऱ्यांत धोका अधिक होता, आणि सर्व नागरिकांना ‘ब’ गटाची जीवनसत्त्वे वाटल्यावर साथ ओसरली. आपल्या भागात खर्र्याचे, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचे, व्यसन घरोघरी पोहोचले आहे. खर्रा खाणारा आणि ‘ब-१२’ कमी असलेला माणूस जेव्हा ‘मागच्या काही महिन्यांपासून पेपर वाचता येत नाही’ असे सांगत येतो, तेव्हा मी त्याला नवा चष्मा देत नाही. आधी रक्ततपासणी आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी सांगतो. यजमानांना तंबाखूची सवय असेल तर ती लपवू नये.

त्यांच्या रक्तातील ‘ब-१२’ आधी तपासून घ्यावे आणि मगच गोळ्या किंवा इंजेक्शन सुरू करावे, कारण औषध सुरू केल्यावर तपासणीचा आकडा फसवा येतो. नुसते फोलिक अ‍ॅसिड घेऊ नये. त्याने रक्तक्षय सुधारतो, पण नसांची हानी आत चालू राहते.

चुरचुरण्याचे कारण मात्र बहुधा डोळे कोरडे पडणे हे आहे. संगणकाच्या पडद्याकडे एकाग्र होऊन पाहताना आपण मिनिटाला १५-१६ ऐवजी पाच-सहा वेळाच पापण्या मिटतो आणि अश्रूंचा थर वाळतो. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट चेहऱ्यावर येत असेल तर त्रास दुप्पट होतो; झोत पायांकडे वळवावा, संगणकाचा पडदा नजरेच्या थोडा खाली ठेवावा, आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरावेत. ओमेगा-३ कॅप्सूलचा या त्रासावर भरवसा ठेवू नये. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात रोज ३,००० मिलिग्रॅम देऊनही ऑलिव्ह तेलापेक्षा अधिक आराम मिळाला नाही. जवसाची चटणी जेवणात असावी, ती चांगलीच आहे, पण डोळ्यांचे औषध म्हणून नव्हे. दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून चुरचुर थांबवण्याचा मार्ग अजिबात धरू नये, कारण त्यातून काचबिंदू होऊ शकतो आणि तो गेलेली दृष्टी परत देत नाही.

संत्र्यांचा हंगाम चालू असेल तर एक-दोन संत्री रोज खावीत, जीवनसत्त्व ‘क’ची गरज त्यातून बरीचशी भागते आणि संत्र्याच्या केशरी रंगात बीटा-क्रिप्टोझॅन्थिनही असते, ज्यापासून थोडे जीवनसत्त्व ‘अ’ बनते. यजमानांनी मात्र रस न काढता अख्खी फोड खावी, नाहीतर साखर झपाट्याने चढते. मधुमेह्याच्या डोळ्यांचे खरे संरक्षण रक्तातील साखर, रक्तदाब आणि वर्षातून एकदा पडद्याची तपासणी यांनीच होते. दिसण्यात काही फरक पडत नसतानाही पडद्यावर बदल सुरू झालेले असू शकतात. ही तपासणी नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या शासकीय रुग्णालयांच्या नेत्रविभागातही होते. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर काही तास जवळचे अंधुक दिसते आणि ऊन डोळ्यांत खुपते, त्यामुळे त्या दिवशी यजमानांनी गाडी स्वतः चालवू नये. सासूबाईंची तपासणीही त्याच भेटीत ठेवली, तर दोघांसोबत तिसऱ्या कोणाला तरी यावे लागेल.